बेहालातलं गिलोटिन

हा किस्सा माझ्या बायकोकडून तुमच्या कानावर जायच्या आत माझ्याकडूनच ऐका. ती सांगते तेव्हा मी त्यात पक्का गाढव दिसतो. मी सांगतो तेव्हाही गाढवच दिसतो म्हणा, पण निदान जरा शिकलेला!

बँकेने बदली करून आम्हाला कोलकात्याला धाडलं, त्याला दोन वर्षं होतील. तिथल्या बेहाला नावाच्या भागात भाड्याचा फ्लॅट. मी, बायको मेधा आणि नववीतली मुलगी रेवा. पोरीची शाळा नवी, वर्गातल्या मुली धडाधड बंगालीत बोलणार, आणि ही बापडी प्रत्येक वाक्य मनात जुळवून मग तोंड उघडणार. तोवर विषय बदललेला! पहिलं वर्ष ती शाळेत जवळजवळ गप्पच होती.

आणि एक दिवस जेवताना म्हणते कशी, "बाबा, शाळेत इतिहासाचं प्रदर्शन आहे. लोकशाही कशी आली, यावर. आणि मला ग्रुप लीडर केलंय!"

आता बापाचा ऊर भरून येणार की नाही? आला.

"आमच्या ग्रुपला रिव्होल्यूशन आलंय. म्हणजे ती..."

"बस्स!" मी आमटीने भरलेला हात वर केला. "पुढे बोलूच नकोस. क्रांती ना? सोड माझ्यावर!"

"अरे, पण कुठली ते तरी..."

"क्रांती म्हणजे क्रांती! भुकेले लोक, पाव नाही, तुरुंग फोडला, राजाला धरला, आणि खट्ट!" मी तळहात ताटावर आपटला. पापड गेला.

"अहो, तिचं ऐकून तरी घ्या," मेधा म्हणाली.

"ऐकतोच आहे की!" मी म्हणालो, आणि पुढची वीस मिनिटं मीच बोलत होतो.

शेवटी रेवा एवढंच म्हणाली, "बाबा, तू फक्त एक खुर्ची आण. आपली हॉलमधली, मोठी, हातांची. सिंहासन म्हणून. बाकी सगळं आम्ही केलंय. शनिवारी, दहाच्या आत. आणशील ना नक्की?"

खुर्ची? लीडरच्या बापाने मंडपवाल्यासारखी खुर्ची उचलून न्यायची? छे! मी मनाशी ठरवलं, पोरीला सरप्राइज द्यायचं. गिलोटिन! फ्रान्सच्या राजाची मान ज्याने उडवली ते यंत्र. चांगलं सहा फुटी!

ही कल्पना मी तळमजल्यावरच्या दत्तबाबूंना सांगितली. दत्तबाबू खिदिरपूरच्या गोदीतून रिटायर झालेले. तरुणपणी इतक्या मोर्चांत चाललेत की अजून रस्त्यात चार माणसं जमलेली दिसली तर त्यांची मूठ आपोआप वर जाते. क्रांती म्हटल्यावर त्यांचे डोळेच भरून आले.

"साठेबाबू, कौन सा बिप्लोब?" त्यांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकलं. "फ्रेंच! और कौन सा होगा!"

बघा! एवढा अनुभवी माणूस असं म्हणाल्यावर आणखी कुणाला काय विचारायचं?

चार दिवस ऑफिसातून आलो की त्यांच्या गॅरेजमध्ये आमची ठोकाठोकी. खोक्यांच्या जुन्या फळ्या, कपडे वाळत घालायची दोरी, एक कप्पी. पात्यासाठी दत्तबाबूंनी थेट बायकोची बोटी पळवली. बोटी म्हणजे आपल्या विळीची बंगाली बहीण, मासे कापायची. मी भीत भीत म्हटलं, "पातं पुठ्ठ्याचं करू या का?" तर माणूस दुखावलाच हो!

"कागज का बिप्लोब?" ते म्हणाले. मीच माफी मागितली. त्या आठवड्यात त्यांच्या घरी मासा शिजला नाही, आणि दत्तवहिनी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या त्या अजूनही बंदच आहेत.

इकडे रेवा रोज विचारत होती, "बाबा, खुर्ची लक्षात आहे ना?"

"आहे, आहे!" मी गालात हसायचो.

"तू असा हसलास ना, की मला भीती वाटते," ती म्हणायची.

शनिवारी ती सकाळीच पुढे गेली. मी निघालो तर मेधा दारातून ओरडली, "अहो, खुर्ची राहिली!"

"तू काय खुर्ची घेऊन बसलीस!" मी म्हणालो.

सहा फुटी गिलोटिन ऑटोत थोडंच बसणार? म्हणून सायकल व्हॅन केली, मागे सपाट फळी असलेली तीनचाकी. फळीवर गिलोटिन उभं, त्यावर पांढरी चादर, आणि ते पडू नये म्हणून त्याला मिठी मारून मी. चौकात एका म्हाताऱ्या बाईंनी बाजाराची पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. शेजारच्या माणसाने विचारलं, "दादा, कोन ठाकुर?" म्हणजे कुठला देव? या गावात चादरीखाली झाकलेलं काही उभं निघालं तर ती मूर्तीच असायची!

"फ्रेंच," मी म्हणालो. त्यानेही नमस्कार केला.

शाळेच्या हॉलमध्ये पोचलो तेव्हा दहाला दहा कमी. रेवाचा स्टॉल इतका सुरेख! सोनेरी कागदाचा मुकुट, तिच्या अक्षरातली लांबलचक सनद, बाजूला तीन मैत्रिणी, आणि मध्ये सिंहासनासाठी मोकळी जागा. मी गिलोटिन बरोब्बर तिथेच ठेवलं आणि चादर खस्सकन ओढली.

"बाबा, खुर्ची कुठाय?"

"अगं, खुर्ची कसली! हे बघ, राजाची मान इथे ठेवायची आणि..."

"आमच्या राजाची मान कापतच नाहीत, बाबा!"

"म्हणजे?"

"आमचं इंग्लंड आहे! रक्तहीन क्रांती! राजा मनमानी करत होता, तो पळून गेला, आणि संसदेने त्याच्या मुलीला आणि जावयाला गादीवर बसवलं. आधी हक्कांची सनद वाचून दाखवली, मग मुकुट. एक थेंब रक्त न सांडता! हेच सगळं तुला किती वेळा सांगायला आले मी!" तिने गिलोटिनकडे बोट दाखवलं. "आता राणी काय जमिनीवर बसणार?"

खरं सांगतो, तेव्हा मला मनापासून लाज वाटली. वर्षभर गप्प बसलेली पोर पहिल्यांदा चारचौघांत बोलणार होती, आणि बापाने तिथे खाटकाचं दुकान मांडलं होतं!

परीक्षकबाई दोन स्टॉल पलीकडे आल्या होत्या. "निदान पातं तरी काढतो," म्हणत मी बोटीला हात घातला.

"हात नको लावू! तू ऐक आता. हा मुकुट घाल, इथे उभा राहा, आणि तोंड उघडायचं नाही."

मी तोंड मिटलं. पातं निघालं होतं, अंगठ्याला काहीतरी गार लागलंही होतं, पण तोंड उघडायचं नाही म्हटल्यावर सांगणार कसं?

आणि मग माझी पोरगी बोलायला लागली. बंगालीत, घडाघडा! "हा आमचा राजा. हा कुणाचंच ऐकत नाही. मंत्र्यांचं नाही, संसदेचं नाही, पोटच्या मुलीचंही नाही. सगळ्यांचं भलं आपल्यालाच कळतं, असं याला वाटतं." तिन्ही मैत्रिणी इतक्या मनापासून माना हलवत होत्या!

"आणि हे यंत्र?" बाईंनी विचारलं.

"ते दुसऱ्या देशातलं. तिथल्या राजाला वेळेवर कळलं नाही. आमच्या राजाला आत्ताच कळलंय."

मी निमूटपणे मुकुट उतरवून तिच्या डोक्यावर ठेवला. गिलोटिनच्या खालच्या फळीवर चादर टाकून ती अशी ऐटीत बसली की हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या भरात मी सनद उचलली आणि बाईंना वाचता यावी म्हणून दोन्ही हातांनी समोर धरली.

बाईंनी चष्मा लावला. "अरे वा, लाखेचा शिक्कासुद्धा?" म्हणत कौतुकाने बोट टेकवलं. शिक्का ओला होता. आणि पसरत होता.

पहिला नंबर एका गुणाने हुकला. शेऱ्यात बाईंनी लिहिलं होतं, "सादरीकरण उत्कृष्ट. मात्र रक्तहीन क्रांतीत राजाचं रक्त सांडलं."