अर्ध्यापर्यंत पिवळा कागद

सुधाकाकूंचा फोन आला तेव्हा मी भोपाळजवळच्या मिसरोदच्या आमच्या ऑफिसात एका दुमजली घराच्या खिडक्यांची यादी करत होते. काकू एरवी आधी "जेवलीस का?" विचारतात. त्या दिवशी म्हणाल्या, "वर्षा, काका गेले गं. सकाळी चहा प्यायले, टेबलाशी बसले, आणि... तुझा कागद अजून तसाच पसरलेला आहे त्यांच्यासमोर. पेन्सिल खाली पडली होती, ती उचलून ठेवलीय." मिसरोदहून इंद्रपुरीला त्यांच्या घरी पोचेपर्यंत माझ्या मनात एकच प्रश्न फिरत होता, की काका कुठल्या मापापर्यंत पोचले असतील? अशा वेळी असा विचार येतो म्हणून मला स्वतःची लाज वाटली. आज सहा आठवडे झाले, आता वाटत नाही. काकांना हाच प्रश्न योग्य वाटला असता.

फणसळकर काका सांगलीचे. तरुणपणी भोपाळच्या मोठ्या कारखान्यात नोकरीला आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात राहिले. पण त्यांनी आयुष्यभर ड्रॉइंग काढली कमी, तपासली जास्त. दुसऱ्यांनी काढलेल्या यंत्रांच्या नकाशातलं प्रत्येक माप तपासायचं, बरोबर असेल त्यावर पिवळ्या पेन्सिलीने रेघ ओढायची, चुकलं असेल त्याभोवती लाल गोल करायचा. अख्खा कागद पिवळा झाला की खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ‘तपासणारा’ या शब्दापुढे सही करायची. घरातसुद्धा त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. काकूंच्या डब्यांवरचं ‘तूरडाळ’ आणि ‘जाडे पोहे’ वाचलं की आत यंत्राचे सुटे भाग असतील असं वाटायचं.

मी पांढुर्ण्याजवळच्या गावातली. घरात कॉलेजात गेलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा ओळखीतून इंद्रपुरीतली काकांच्या घरातली ही वरची खोली भाड्याने मिळाली. आई मला सोडायला आली होती. तिने काकूंना संत्र्यांची पिशवी दिली आणि काकांना म्हणाली, "पोरगी घरं काढाले शिकून राहिली. तुम्ही लक्ष ठेवजा." काका म्हणाले, "घरांतलं मला कळत नाही. मापांवर ठेवीन." हे त्यांनी शब्दशः पाळलं.

पहिल्या वर्षी मी एका लहान घराचा नकाशा काढला. चांगले मार्क मिळाले म्हणून मोठ्या उत्साहाने खाली दाखवायला नेला. काकांनी विचारलं, "कुणी तपासला?" मी म्हटलं, "सरांनी. पन्नासपैकी बेचाळीस दिलेत." ते म्हणाले, "मार्क देणं वेगळं आणि तपासणं वेगळं. उद्या दहा वाजता आण. उजेड चांगला असतो." दुसऱ्या दिवशी खिडकीशी बसून त्यांनी एका बाजूची सगळी मापं मिळवली आणि लाल गोल केला. "तुकड्यांची बेरीज नऊ हजार एकशे वीस. एकूण लिहिलंयस नऊ हजार. एकशे वीस मिलिमीटर गेले कुठे?" मी म्हटलं, काका, ते प्लॅस्टरमध्ये वगैरे जुळून जातं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "अहो ऐकलंत का? आर्किटेक्टबाई म्हणतात जुळून जातं! आमच्याकडे एवढ्या फरकात अख्खं यंत्र भंगारात जातं." आतून काकू म्हणाल्या, "तिला आधी पोहे खाऊ देत. मग भंगारात घाला."

दोन नियम त्यांनी मला तेव्हाच सांगितले. ज्याने काढलं त्याने तपासायचं नाही. आपली चूक आपल्या डोळ्याला सवयीची झालेली असते, ती बरोबरच दिसते. आणि तपासणाऱ्याची सही दुसऱ्या कुणी करायची नाही. मी विचारलं, रेघ पिवळीच का? ते म्हणाले, "प्रत काढली की पिवळं उमटत नाही. कारखान्यात खाली जाणारा कागद स्वच्छ हवा. फिटरला आमच्या रेघांशी काय करायचंय? त्याला माप हवं." त्यानंतरच्या चार वर्षांत माझा एकही कागद त्या टेबलावरून गेल्याशिवाय कॉलेजात गेला नाही. वर्गातली मुलं चिडवायची, "आज पीली बत्ती मिली क्या?"

शेवटच्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडायचा होता. कुणी विमानतळ घेतला, कुणी स्टेडियम. मी तलावाकाठचं कलासंग्रहालय घेतलं. काकांनी रेखाटनं पाहिली आणि विचारलं, "संग्रहालयात किती वेळा गेलीयेस?" मी म्हटलं, एकदा. सहलीत. "आणि संत्र्यांच्या शेडमध्ये?" आई हंगामात संत्री निवडायला जाते हे त्यांना माहीत होतं. लहानपणी शाळा सुटली की मी तिथेच जायचे, गवताच्या ढिगावर बसून गृहपाठ करायचे. पण कॉलेजात हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. फॉर्मवर आईच्या नावापुढे ‘गृहिणी’ लिहीत आले होते. काकांनी पुढे काही विचारलं नाही. चार दिवसांनी मी विषय बदलला. पांढुर्ण्याच्या भागासाठी संत्री निवडायचं आणि भरायचं केंद्र.

तीन आठवडे खपून मी नकाशा काढला. गाड्या कुठून येणार, माल कुठे उतरणार, वारा कुठून खेळणार, सगळं होतं. निवडण्यासाठी टेबलांच्या रांगा होत्या, उंची आमच्या प्रमाण मापांच्या पुस्तकातली. काकांनी दोन सकाळी तपासून अख्खा कागद पिवळा केला. एकही लाल गोल नाही. पण सही केली नाही. मी विचारलं, "सगळं बरोबर आहे ना, मग?"

"मापं बरोबर आहेत. तुझी आई यात कुठे बसते?"

"बसत नाही काका. या टेबलाशी उभी राहते."

"अस्सं. कधीपासून?"

मी वर जाऊन आईला फोन लावला आणि विचारलं, की उभं राहून निवडायला टेबल दिलं तर? ती आधी हसली. "दिवसभर उभ्यानं? अवो बाप्पा, मी काय बसची कंडक्टर आहे का? पाय मोडून जातीन!" मग ती गंभीरपणे सांगू लागली. एक गुडघा वर, एक पाय दुमडलेला. ढीग समोर. मोठं फळ उजवीकडे, मध्यम डावीकडे, डागी मागे. मागे टाकताना वळावं लागतं, त्याने कंबर जाते. भरलेलं क्रेट उचलायला वाकावं लागतं, ते सगळ्यात वाईट. हे सगळं मी वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तिच्या शेजारी बसून अभ्यास केला होता. आणि नकाशा काढायला बसले तेव्हा पुस्तक उघडून तिला उभं केलं.

दुसऱ्या दिवशी काकांच्या गच्चीवर खडूने मी खऱ्या मापात एका बाईची जागा आखली. काकूंना मधे बसायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझे गुडघे बघून सांग गं बाई, एकदा बसले तर उठवायला क्रेन लागेल." म्हणून विटा रचून बसायला उंच जागा केली, आणि तिथेच मला ओटा सुचला. बायकांनी ओट्यावर बसायचं, क्रेट खालच्या वाटेवर ढकलगाडीत उभं. फळ तीन बाजूंना हाताच्या टप्प्यात, मागे काहीच नाही. बसणारीला वळायला नको, उचलणाऱ्याला वाकायला नको. आम्ही कांद्यांनाच संत्री मानून दोन तास निवडली. काका मोजपट्टी घेऊन काकूंचा हात किती पोचतो ते मोजत होते आणि काकू म्हणत होत्या, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा हात धरलात, तोही मोजायला." त्या मापांवर काढलेल्या नकाशावर काकांनी सही केली.

परीक्षेला बाहेरून आलेले एक ज्येष्ठ आर्किटेक्ट होते. त्यांनी ओट्यावर बोट ठेवून विचारलं, "आजच्या काळात कामगार खाली बसवता? हे मागासलेपण नाही का?" सगळा वर्ग मागे उभा होता. मी म्हटलं, "सर, माझी आई हे काम करते. तिला विचारून मापं घेतली आहेत." त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पाऊण तास मापांवरच बोलले. पहिला नंबर विमानतळाला मिळाला. घरी येऊन सांगितलं तर काकांनी विचारलं, "विमानतळ कोण बांधतंय त्याचं?" मी म्हटलं, कुणी नाही, प्रबंध आहे तो. ते म्हणाले, "मग तुझं आधी बांधून होईल." मला ते समजूत काढणं वाटलं होतं.

नोकरीसाठी अर्ज करताना त्यात आपलं ध्येय लिहायचं असतं. मी लिहिलं होतं की मला जागतिक दर्जाच्या वास्तू निर्माण करायच्या आहेत. काकांनी ‘जागतिक दर्जाच्या’भोवती लाल गोल केला आणि शेजारी छापील अक्षरात लिहिलं, "माप द्या." मी चिडून तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. पाच वर्षं काम शिकून पांढुर्ण्यात स्वतःचं ऑफिस काढायचं. बायका जिथे बसून काम करतात अशा जागा बांधायच्या, संत्र्यांच्या, पापडांच्या, विड्यांच्या, आणि आधी त्यांचा हात मोजायचा. हे वाचून मिसरोदच्या या लहान ऑफिसने मला घेतलं. ते ध्येय आजही तेच आहे, एक शब्द बदललेला नाही.

आणि मग, मी विचारसुद्धा केला नव्हता तेव्हा, आईच्या बचत गटाने गावात शेड बांधायचं ठरवलं. मोठं केंद्र नाही, बारा बायकांपुरती शेड. जागा मिळाली, मिस्त्री ठरला, पुढच्या हंगामाआधी उभी करायची. माझ्या हातची पहिली वास्तू, जिच्यात खरी माणसं बसणार... ऑफिसच्या सरांनी खांब आणि छपराची जबाबदारी घेतली. बाकीचा सगळा नकाशा मी काढून काकांच्या टेबलावर ठेवला आणि चार दिवसांनी तो फोन आला.

तेराव्यानंतर काकूंनी गुंडाळी माझ्या हातात दिली. कागद डावीकडून बरोबर अर्ध्यापर्यंत पिवळा होता. एकच लाल गोल, दाराजवळ, आणि छापील अक्षरात "पाणी कुठे?" बारा बायकांच्या शेडमध्ये मी माठाला जागाच ठेवली नव्हती. ती लगेच केली आणि लाल खुणा खोडल्या. पण उजवा अर्धा भाग कोरा होता, चौकटीत सही नव्हती आणि मिस्त्री कागदाची वाट पाहत होता. मी तपासू शकत नव्हते, काढणारी मीच. सरांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "ठीक दिख रहा है, भेज दो." ते बिचारे चार साइट सांभाळतात. पण ठीक दिसणं म्हणजे काय ते मला इंद्रपुरीत कळलेलं होतं. मी काकूंकडून पिवळ्या पेन्सिलीचा तो तुकडा मागून घेतला आणि गावी गेले.

अंगणात चुन्याच्या फक्कीने मी शेडचा उजवा भाग खऱ्या मापात आखला. आई आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या शोभामावशी आत जाऊन बसल्या. मी एकेक माप वाचायचं, त्यांनी हात लांब करून पाहायचा. आई चौथी शिकलेली. पण चौथ्याच मापाला म्हणाली, "इथं हात पुरत नाही. भिंत आडवी येते." कडेच्या ओट्यावर बसणाऱ्या दोघींचं कोपर भिंतीला लागत होतं. काका असते तर कदाचित बेरीज बरोबर म्हणून पिवळी रेघ ओढून पुढे गेले असते... नाही, गच्चीवरच्या त्या दुपारनंतर नसते गेले. मी भिंत सरकवली, पुन्हा आखलं, त्या पुन्हा बसल्या. प्रत्येक माप पटल्यावर आई त्यावर पिवळी रेघ ओढत होती, जीभ दातात धरून, संत्र्याच्या सालीने कायमच्या पिवळसर झालेल्या अंगठ्याने पेन्सिल घट्ट धरून. उन्हं उतरायला लागली तेव्हा कागद पुरा झाला.

चौकटीत सही करायला सांगितल्यावर ती अडली. "अर्धं त्यायनं केलं. म्या एकटीनं कशी करू? त्यायचं नाव तू लिही." मी नियम सांगितला, तपासणाऱ्याची सही दुसऱ्याने करायची नाही. मग चौकटीच्या अगदी उजव्या कडेला, अंग चोरून, बसमध्ये शेजारच्याला जागा सोडून बसावं तशी, तिने आपलं नाव लिहिलं.

गेल्या आठवड्यात पांढुर्ण्यातून तीन झेरॉक्स काढून मिस्त्रीला दिल्या. पिवळं त्यात उमटलं नाही, कागद स्वच्छ आला. तो अनुभवी माणूस आहे, आधी खालचा कोपरा पाहतो. म्हणाला, "म्याडम, इथं डावीकडं एक नाव राहिलं वाटते." मी म्हटलं, राहिलं नाही, मूळ कागदावर पिवळ्या रेघांत आहे, तुम्ही पाया आखा. त्याने दोरी ताणली आणि डाव्या बाजूने सुरुवात केली. माठाच्या जागेशी येऊन त्याने माप दोनदा धरून पाहिलं, मान हलवली आणि खुंटी ठोकली.