बधिर पायाला शेक नको

माझी लेक हिंजवडीला कंपनीत आहे. सुट्टी मिळाली की हिमाचलात जाते आणि पायाला लांब फळ्या बांधून बर्फाचा डोंगर चढते. फळ्यांच्या खाली केसाळ पट्टी चिकटवायची, म्हणजे चढताना मागं घसरत नाही. वर पोचलं की पट्टी काढायची आणि घसरत खाली यायचं. हे खूळ कुठून लागलं मला माहीत नाही. आमच्या घराण्यात देवाच्या डोंगराशिवाय दुसरा डोंगर कुणी चढलेला नाही.

मागच्या खेपेला तिच्या उजव्या पायाची दोन बोटं बधिर झाली. महिनाभर जाणीव नव्हती. डॉक्टर म्हणाला, पुन्हा असं झालं तर कापावी लागतील. तरी यंदा निघाली. तिची आई जाऊन वर्ष झालं नव्हतं.

जायच्या आधीच्या रविवारी ती सगळं सामान घेऊन चाकणला घरी आली आणि पुढच्या खोलीत पसरून बसली. दगडासारखे टणक बूट आणि लोकरीचे मोजे.

"आप्पा, या वेळी तीन मोजे घालणार."

"तीन? मग बोटं गेलीच म्हण."

"तुम्ही कधी बर्फ बघितलाय का?"

नाही बघितला. पण मी चौथी शिकलेला माणूस, वीस वर्षं इथल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मटारची पोती उचलली. बाहेर मे महिना असला तरी आत उणे वीस. पाय ऊब कशी धरतो ते मला दुसऱ्यानं सांगायला नको.

मी तिला तीन मोज्यांवर बूट घालून उभी केली. बोटं हलव म्हणालो. हलेनात.

"आता रगात जाणार कुठनं? एकच मोजा घाल. चढताना बुटाचे पट्टे ढिले सोड, उतरताना आवळ. आणि घामानं मोजा ओला झाला की पाय गेला. पावाची प्लास्टिकची पिशवी घाल."

"मोज्यावरून?"

"आतून. उघड्या पायाला."

नवा कामगार हमखास पिशवी मोज्यावरून घालायचा आणि जेवणाच्या सुट्टीत मोजा पिळत बसायचा. पिशवी आत असली की घाम आतच राहतो, मोजा कोरडा.

"शी! आप्पा, पायाला वास येईल."

"येऊ दे की. वास आला तर पाय हाय म्हणायचं."

हसत हसत तिनं सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मग पिशवीतून छोटी पाकिटं काढली. "हे बघा. हलवलं की चांगलं गरम होतं. बोटं बधिर झाली की थेट लावायचं."

"न्हाई!"

एवढ्यानं ओरडलो की शेजारीण दारात डोकावून गेली.

"अहो, ओरडता कशाला?"

"बधिर पायाला शेक द्यायचा न्हाई. भाजतंय ते त्याला कळत न्हाई."

"कुणाला झालं होतं का तसं, कोल्ड स्टोरेजमध्ये?"

हो म्हणून सुटलो असतो. पण तिनं ते मनावर घेतलं नसतं, आणि बोटं तिची जाणार होती.

"तुझ्या आईला," मी म्हणालो.

आईला ठेच लागून जखम झाली, असं मी लेकीला सांगितलं होतं. खरं वेगळंच होतं. साखरेच्या आजारानं माझ्या बायकोचे पाय बधिर झालेले, हात लावावा तर कायम गारढोण. आमच्या कामावर एक रीत होती. पाय बधिर झाला की जोडीदाराच्या शर्टाच्या आत, पोटाला लावायचा. पोट कधी भाजत नाही. मी हिला म्हणालो, आण इकडं पाय. तर हिनं कानाला हात लावले. "नवऱ्याला पाय लावू? कुठल्या नरकात पाठवताय मला?" मी पण जोर केला नाही. गरम पाण्याची पिशवी भरून पायाखाली ठेवली. ही म्हणाली, काहीच गरम लागत नाही. म्हणून मी आणखी कढत भरली. वीस वर्षं ज्याला माहीत होतं, त्यानंच. ही दुपारची झोपून उठली तेव्हा टाच सोललेली होती. जखम चिघळली. पाय कापला, तरी राहिली नाही. हे सगळं मी लेकीला सांगून टाकलं.

लेक बुटाच्या पट्ट्याची उघडझाप करत बसली. मग म्हणाली, "मला ठेच का सांगितलं?"

"भ्यालो."

"मला?"

"व्हय. तूबी बोलायची बंद झाली असतीस तर?"

ती बूट-मोजे काढून मोरीत गेली. बराच वेळ नळ चालू होता. परत आली ती माझ्यासमोर फरशीवर बसली. "पोटाला कसा लावायचा ते दाखवा."

"लाव."

पाय उचलला, पण मध्येच थांबली. बापाला पाय कसा लावायचा? आईचीच पोर. मी घोटा धरला, सदरा वर केला आणि ओढला. फरशीनं पाय गार पडला होता.

"किती वेळ ठेवायचा?"

"दुखेपर्यंत. जीव येताना सुया टोचल्यागत होतं, रडू येतं. दुखलं म्हंजे वाचलं. आणि एकदा बधिर झालं की वर बघायचं न्हाई. खाली यायचं."

नवव्या दिवशी तिचा फोन आला. शिखर थोडंच राहिलं असताना तीच दोन बोटं जाणवेनाशी झाली. पाकिटांना तिनं हात लावला नाही. खाली आली आणि तंबूत सोबतच्या मुलीच्या पोटाला पाय लावून बसली.

"काय दुखलं हो आप्पा! मी ओरडले. आणि शिखर राहिलं ते राहिलंच."

"राहू दे. बोटं?"

"लाल आहेत. हलतात."

बरं म्हणालो आणि फोन ठेवला. त्या दुपारी टाच भाजताना हिला पण एवढं दुखायला पाहिजे होतं. ओरडली असती, मला शिव्या घातल्या असत्या, पिशवी फेकून मारली असती.