हॉलमधली सरस्वती

दसऱ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी मी शाळेत तासभर लवकर जायचे. कांदिवली स्टेशनबाहेर झेंडूची फुलं घ्यायची, पिशवी मांडीवर धरून रिक्षात बसायचं आणि पहिली घंटा व्हायच्या कितीतरी आधी पोचायचं. गेटपाशी ती आधीच उभी असायची. हातात रांगोळीचे डबे, ओढणी कमरेला खोचलेली. "उशीर केलास," म्हणायची. मी वेळेवर असले तरी म्हणायची.

ती म्हणजे माझी मैत्रीण. आमची पालिकेची मराठी शाळा, पहिली ते सातवी. मी चौथीची वर्गशिक्षिका, ती तिसरीची, म्हणजे दरवर्षी मुलं तिच्या हातून माझ्या हातात यायची. स्टाफरूममधल्या खिडकीजवळच्या बाकावर आम्ही अकरा वर्षं शेजारी बसलो. माझं माहेर मालवणकडचं, तिचं मूळ गाव अकोल्याकडे. ती बौद्ध, राहायची घाटकोपरला. मेट्रोनं अंधेरी आणि तिथून पुढं, असा दीड तासाचा प्रवास करून यायची, आणि आल्या आल्या आधी माझा डबा उघडून बघायची. बांगड्याचं तिखलं असलं की तिची ज्वारीची भाकरी माझ्या वाट्याला. सोमवारी माझा उपास. तो माझ्यापेक्षा तिच्याच लक्षात राहायचा. तिच्या डब्यात त्या दिवशी दोन उकडलेले बटाटे असायचे, जिरं-मीठ लावलेले. तिच्या घरी उपासतापास काही नव्हतं, ते बटाटे माझ्यासाठी उकडलेले असत.

सरस्वतीपूजन हे शाळेत माझं काम होतं. कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं, आणि त्याला कारण माझे वडील. ते गिरणीत होते, चौथीपर्यंत शिकलेले. वर्षभर माझ्या अभ्यासाची चौकशीही करायचे नाहीत. पण दसऱ्याच्या सकाळी आंघोळ करून माझी पाटी मांडीवर घ्यायचे आणि एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायचे. ओळीनं एक, एक, एक, काही उभे, काही तिरके, आणि बघता बघता त्यातून ती पाटीवर उतरायची. यंत्रावर काम करून जाड झालेली बोटं, पण रेघ हलायची नाही. "आता नमस्कार कर," म्हणायचे आणि माझ्याआधी स्वतःच हात जोडायचे. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाचा तो नमस्कार होता, हे मला फार उशिरा कळलं. ते गेल्यावर त्यांची सगळ्यात जास्त आठवण मला शाळेच्या हॉलमध्ये यायची, मुलांनी आणलेल्या पाट्या ओळीनं मांडलेल्या असायच्या तेव्हा.

हॉलमध्ये सरस्वतीची मोठी तसबीर होती. लाकडी चौकट, समोर काच, जमिनीवर ठेवली तर माझ्या छातीला लागेल एवढी उंच. तिच्यासमोर माझी मैत्रीण रांगोळी काढायची. वीणा, मोर, कमळ. पहिल्याच वर्षी मी म्हटलं होतं, "तुझा हात काय छान आहे गं, तूच काढ ना." तेव्हापासून दरवर्षी तीच काढायची.

चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर असं सुरेख की फळ्यावरचा सुविचार मी तिच्याकडूनच लिहून घ्यायचे. त्या वर्षी पूजेचं ताट तिच्या हातात द्यायचं मी ठरवलं. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आमच्या घरी हे नाही करत."

"अगं वेडे," मी म्हटलं, "ही विद्येची देवता. तिला कुठं जात नि धर्म असतो? ती सगळ्यांची."

तिनं ताट घेतलं. तसबिरीला कुंकू लावलं आणि मग ते बोट फ्रॉकला पुसत राहिली. पूजा संपून पेढे वाटून झाले तरी तिचं पुसणं चालूच होतं. युनिफॉर्मला डाग पडेल, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

सुट्टीनंतर शाळा भरली त्या सकाळी तिचे वडील आले. ते बसवर कंडक्टर. ड्युटीवर जाता जाता आले होते, अंगात खाकी, हातात घडी केलेला कागद. वर्गाबाहेर व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "बाई, माझी पोरगी घरी दिवसभर तुमचंच नाव घेते. म्हणून आधी तुम्हाला दाखवतो, मग मोठ्या बाईंकडे देतो."

मुख्याध्यापिकांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो. त्यांच्या नावानं तो अर्ज होता. ही शाळा सगळ्यांच्या करातून चालते, अशा शाळेत कुठल्याच धर्माची शिकवण किंवा पूजा नको, असं आपली घटना सांगते, आमच्या धर्माचीही आम्ही मागत नाही. एवढंच लिहिलं होतं. शेवटी वेगळ्या पेनानं एक ओळ जास्तीची होती. या अर्जामुळे माझ्या मुलीला त्रास होऊ नये ही विनंती.

ती ओळ मला लागली. म्हणजे मी नऊ वर्षांच्या पोरीवर राग काढीन, असं या माणसाला वाटलं?

"दादा," मी म्हटलं, "पूजेला कुणावर जबरदस्ती नसते हो."

"ती लहान आहे, बाई. तुम्ही ताट पुढं केल्यावर ती नाही कशी म्हणणार?"

ती नाही म्हणाली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही.

दोन दिवसांनी मोठ्या बाईंनी सगळ्या शिक्षकांची बैठक घेतली, अर्ज वाचून दाखवला आणि प्रत्येकाचं मत विचारलं. पहिली मीच बोलले. ही आपली संस्कृती आहे, इतक्या वर्षांत कुणाची तक्रार नाही, एका पालकासाठी बंद का करायचं, असं बरंच काही. दोघातिघांनी माना डोलावल्या. मग माझ्या शेजारून आवाज आला.

"त्यांचं बरोबर आहे, बाई."

माझ्या मैत्रिणीचा आवाज. ती टेबलाकडे बघत बोलत होती. "मुलांना आपण घटना शिकवतो. उद्देशिका पाठ करून घेतो. मग शाळेनं तसं वागायला पाहिजे ना."

बैठक संपल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. मला रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता.

"अकरा वर्षं रांगोळी काढलीस ना गं? एकदा तरी बोलायचंस!"

"तू विचारलंस कधी?"

"मला काय माहीत तुला नकोय ते!"

"मी कोण आहे ते तर माहीत होतं ना तुला?" तिचा आवाज चढला नव्हता. "वैशाख पौर्णिमेची खीर दरवर्षी खाल्लीस. घरी ये, आमच्या विहारात ये, दरवर्षी म्हटलं. आलीस एकदा तरी?"

नव्हते गेले. कधी घरी पाहुणे, कधी मुलाची परीक्षा. खरं कारण वेगळं होतं. तिथं जाऊन हात जोडायचे की नाही, कुठं बसायचं, काय म्हणायचं, हे मला ठाऊक नव्हतं, आणि तसं अवघडून उभं राहायची माझी तयारी नव्हती. एका संध्याकाळपुरतीही नव्हती. ती मात्र माझ्यासमोर दरवर्षी गुडघ्यावर बसून मोराची पिसं भरत होती.

"मग काढायचीस कशाला?" मी विचारलं.

"तू त्या दिवशी फार खूश असायचीस, म्हणून." मग म्हणाली, "आणि नाही म्हटलं असतं तर स्टाफरूममध्ये मी वेगळी पडले असते. ते नको होतं मला. तुला नाही कळणार ते."

मोठ्या बाईंनी निर्णय घेतला. शाळेत पूजा होणार नाही, कुठलीच. तसबीर उतरवायची. स्टाफरूममध्ये बरीच कुजबुज झाली आणि दोघीजणी माझ्या मैत्रिणीशी बोलेनाशा झाल्या. मी बोलत होते, पण कामापुरतं. त्याला बोलणं म्हणता येणार नाही.

तसबीर अडगळीच्या खोलीत जाईल हे मला सहन होईना. मी मोठ्या बाईंना विचारून ती घरी न्यायचं ठरवलं. डिसेंबरातला शनिवार होता, मुलं गेलेली, शिपाई रजेवर. मी हॉलमध्ये बाकावर चढून तसबीर खिळ्यावरून काढायला बघत होते. एका हातानं ती पेलवेना आणि सोडताही येईना. तेवढ्यात खालून कुणीतरी चौकट धरली.

"हळू," ती म्हणाली. "काच आहे."

दोघींनी मिळून ती दोन जिने खाली आणली. मधल्या वळणावर दम लागला म्हणून भिंतीला टेकवून उभ्या राहिलो. काचेवर धूळ होती, तिनं ओढणीच्या टोकानं ती पुसली, चौकटीच्या कोपऱ्यांतली सुद्धा.

"तुला हे करायची गरज नव्हती," मी म्हटलं.

"जड आहे गं," ती म्हणाली.

गेटबाहेर रिक्षा थांबवली, तसबीर आडवी आत सरकवली. मी कशीबशी कडेला बसले. ती रिक्षावाल्याला सांगत होती, "भैया, गड्ढा देखके चलाना, काँच है." त्या क्षणी रिक्षातून उतरून तिला मिठी मारायला हवी होती. मी "येते" म्हटलं आणि निघाले.

तसबीर मी दिंडोशीला आईकडे नेली, माझ्या घरात तेवढी भिंत नाही. आईनं दार उघडलं. "ह्या हय कित्याक हाडलंस गो?" इथं का आणली ते मी सगळं सांगितलं. ती चिडेल, माझी बाजू घेईल, अशी माझी खात्री होती. वडिलांचा फोटो लावलेल्या भिंतीशी तसबीर ठेवायला तिनं स्टूल सरकवलं आणि म्हणाली, "बरां झालां. देवाक घर आसा. शाळेत तू पोरांक शिकव."

मला त्याचाही राग आला. तो ओसरायला किती महिने गेले ते आठवत नाही. आम्ही दोघी खिडकीजवळच्या त्याच बाकावर बसत होतो, पण डबे आपापले. सोमवारी मी केळं खायचे. तिनं दोनदा बटाटे पुढं केले, मी दोनदा "नको" म्हटलं, आणि तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. एकदा तरी "दे" म्हणायला काय झालं होतं मला? ते साधे दोन बटाटे होते.

जूनमध्ये बदल्या निघाल्या. तिची बदली देवनारच्या शाळेत झाली. घाटकोपरपासून जवळ, तिनंच मागितली असेल का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. जाताना तिनं माझ्या हातात चार कागद दिले. तिच्या वर्गातल्या, म्हणजे आता माझ्याकडे येणाऱ्या, प्रत्येक मुलाबद्दल तिनं दोन ओळी लिहिल्या होत्या. याला फळ्यावरचं दिसत नाही, पुढं बसव. हिची आई घरकामाला पहाटे जाते, ही उपाशी येते. हा ओरडल्यावर बोलायचाच बंद होतो, ओरडू नकोस. "नीट बघ त्यांच्याकडे," म्हणाली. 

मग दसऱ्याच्या सुट्टीआधीचा तो दिवस आला, पहिल्यांदाच पूजेशिवायचा आणि तिच्याशिवायचा. मी सवयीनं लवकर पोचले. हात रिकामे होते. गेटपाशी कुणी नव्हतं. परिपाठाला ती सुरेख अक्षराची मुलगी माईकपुढं आली. पाचवीत गेली होती, उंच झाली होती. ती उद्देशिका सांगत होती आणि सगळी शाळा तिच्यामागून म्हणत होती. श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य, हे शब्द आले तेव्हा मी म्हणायची थांबले. वर्षानुवर्षं मी ते मुलांकडून घोकून घेतले होते, कुठली मात्रा चुकली की परत म्हणायला लावलं होतं. माझ्यासमोर ती पोरगी बोट फ्रॉकला पुसत उभी होती तेव्हा हे शब्द माझ्या कानात का वाजले नाहीत?

मधल्या सुट्टीत मी एकटीच हॉलमध्ये गेले. पूजा बंद झाली ते योग्य झालं, असं आज मला मनापासून वाटतं, आणि कुणी विचारलं तर मी तसंच सांगते. तरी त्या दिवशी मला झेंडूचा वास हवा होता. पाट्यांच्या ओळी हव्या होत्या, माझे वडील हवे होते. आणि रांगोळीनं पांढरे झालेले हात झटकत, कंबर धरून उठणारी ती हवी होती. तिला ते कधीच नको होतं हे कळल्यावरही हवी होती. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

या वर्षी मुलुंडला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. चहाच्या रांगेत ती माझ्या पुढं दोन माणसं सोडून उभी होती. तिला चष्मा लागला होता. मी हाक मारली तशी वळली आणि आधी हसली, मग तिला मधलं सगळं आठवलं असावं. आम्ही कप घेऊन बाहेर कठड्याशी उभ्या राहिलो. ती तिच्या वर्गाबद्दल सांगत होती, पोरं किती दंगेखोर आणि किती गोड. मी मध्येच म्हटलं, "माझं चुकलं गं. तुला विचारायला हवं होतं."

तिनं कप कठड्यावर ठेवला. "मला माहीत होतं तुला कळेल," म्हणाली. "पण फार वेळ लावलास."

तेवढ्यात पुढच्या सत्राची हाक आली. तिचा गट वेगळ्या खोलीत होता.

आता आम्ही फोनवर बोलतो, महिन्यातून एखाद्या वेळी, रविवारी. पोरांचं, पाठदुखीचं, वरून येणाऱ्या नव्या परिपत्रकांचं. बोलणं चांगलं होतं, पण दोघी जपून बोलतो. खिडकीजवळच्या बाकावर माझ्या शेजारी नवीन शिक्षिका बसते, भली आहे. मधल्या सुट्टीत डबा उघडला की मला माझ्या मैत्रिणीला फोन लावावासा वाटतो. पण देवनारच्या शाळेत मधली सुट्टी वीस मिनिटं उशिरा होते. तिचा डबा उघडतो तेव्हा माझा वर्ग सुरू झालेला असतो.