शेजारी विचारलंत का?

किल्ली हातात आली की किल्लीमास्तर आधी तिच्यावरून अंगठा फिरवत. डोळ्यांनी बघायचं ते नंतर. अंगठ्याला जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि चाळीस वर्षांच्या धंद्यात ते फारसं खोटं ठरलं नव्हतं. नवी किल्ली टोचते. घाईत केलेली नक्कल कडेला खरखरते. आणि वर्षानुवर्षं एकाच खिशात राहिलेली किल्ली गुळगुळीत होते, तिचे दात बोथट होतात, धरायच्या जागेचा मुलामा उडून खालचं पितळ दिसायला लागतं. परदेशातल्या त्या घराची किल्ली दलालानं मास्तरांच्या हातात ठेवली, अंगठा फिरला आणि मास्तर मनाशी म्हणाले, घरमालक खरा आहे. बारा वर्षं तरी ही किल्ली याच्या खिशात आहे.

एवढ्यावर कुणी घर घेतं का, असं तुम्ही म्हणाल. मास्तरांच्या बायकोनंही तेच म्हटलं होतं. गल्लीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. तिनं आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं, फक्त नवऱ्याला थोडंफार, आणि तेही त्याच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं.

मास्तरांचा धंद्यातला एक नियम होता आणि तो त्यांना महागात पडून मिळालेला होता. दुकान नवं होतं तेव्हा एक माणूस रडवेला होऊन आला. किल्ली कुलपातच तुटली म्हणाला, अर्धा तुकडा हातात होता. मास्तरांनी तुकडा बघितला, अस्सल होता. जाऊन दार उघडून दिलं. दुसऱ्या दिवशी कळलं, घर एका नर्सचं होतं आणि तो माणूस तिनं महिन्यापूर्वी बाहेर काढलेला पोटभाडेकरू. बाईचं होतं नव्हतं ते सगळं गेलं. ती दुकानात आली, आरडाओरडा काही केला नाही. एवढंच म्हणाली, "शेजारी विचारलं असतंत तर?" मास्तरांनी त्या दिवशी कानाला खडा लावला. त्यानंतर कुणी कितीही गयावया केली, कितीही घाई केली, तरी समोरच्या दारावर थाप मारून "हे घर कुणाचं?" असं विचारल्याशिवाय त्यांनी कधी कुणाच्या कुलपाला हात लावला नाही. लोक हसत, चिडत, दुसऱ्याकडे जात. मास्तर हलत नसत.

असा माणूस एकुलत्या एका लेकीपायी परदेशात आला. लेक तिथल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तपासनीस होती, लग्न होऊन तिथलीच झाली होती. म्हातारपणी तिच्या जवळ राहायचं ठरलं तेव्हा मास्तरांनी दुकान विकलं, राहतं घरही विकलं. जावयाच्या घरात कायमचं राहायचं नाही, हा हट्ट. त्यामुळे सगळी जमा मास्तरीणबाईंच्या खात्यात आली. तिच्याच का, तर बँकेचा व्यवहार मोबाइलवर, आधी बोट टेकवायचं, मग गुप्त आकडा टाकायचा, आणि मोबाइल मास्तरांचं बोट ओळखायचा नाही. कानस घासून घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. हा पैसा बुडाला असता तर दोघांना मागेही छप्पर नव्हतं आणि पुढेही.

दलाल भेटला तो आपल्याच भाषेचा. काका, काकू करत घरी आला, मास्तरीणबाईंच्या हातचा चहा प्यायला आणि तिसऱ्या दिवशी घर दाखवलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, लेकीच्या घरापासून चालत वीस मिनिटं. किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी. मालकाला म्हणे घाईनं दुसऱ्या शहरात जायचं होतं. मालक चष्मा लावलेला, कमी बोलणारा. त्याच्या नावाचं वीजबिल होतं, पाण्याचं बिल होतं, मालकीच्या दाखल्याची प्रतही दलालानं आणून दिली.

लेकीचं मत वेगळं होतं. इथं परक्या माणसानं घर घ्यायचं तर आपला स्वतःचा वकील हवा, दलालानं दिलेला चालत नाही. नोंदणी कार्यालयातून दाखला आपण आपल्या हातानं काढायचा, दुसऱ्यानं आणलेला कागद खरा धरायचा नाही. बयाणा कुणा माणसाच्या खात्यात भरायचा नाही, वकिलाच्या ताब्यातल्या खात्यात भरायचा. हे सगळं तिनं तीनतीनदा सांगितलं. ओळखीच्या एक वकीलबाई होत्या, त्यांनी आठ दिवस मागितले. दलाल म्हणाला, आठ दिवस कसले, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, शुक्रवारी चारपर्यंत बयाणा आला तर घर तुमचं. मास्तर लेकीला म्हणाले, "तुझी वकीलबाई कागद वाचते. मी किल्ली वाचतो." लेकीनं विषय सोडला. बापाशी किती भांडायचं, तेही तो परक्या मुलखात आधीच कावराबावरा झालेला असताना?

शुक्रवारी सकाळी चहा घेताना मास्तरीणबाईंनी विचारलं, "शेजारी विचारलंत का?"

"हो," मास्तर म्हणाले आणि चहा ढवळू लागले.

विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर चाळीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं नव्हतं. घर बघायला गेले तेव्हा समोरचं दार दिसलं होतं, दाराबाहेर पायपुसणं आणि एक छत्रीही दिसली होती. हातही थाप मारायला उठला होता. पण दार उघडल्यावर बोलायचं काय? त्या देशाची भाषा त्यांना नमस्कारापुरती येत होती. आपल्या गल्लीत ज्याच्या एका शब्दावर पोलीसही दार उघडायला थांबत, तो माणूस इथं पावाच्या दुकानात बोटानं दाखवून वस्तू घ्यायचा. त्याची त्यांना लाज वाटायची, आणि ती बायकोलाही सांगता येत नव्हती. म्हणून हात खाली आला, आणि सकाळी तोंडातून "हो" निघून गेलं.

दुपारी अडीचला मायलेकी दलालाच्या कचेरीत गेल्या. मास्तर सव्वातीनला त्या घराकडे निघाले. त्यांनी दोन महिने खपून एक कुलूप केलं होतं, पेटीत टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. स्वतःच्या घराला स्वतःच्या हातचं कुलूप बसवायचं, म्हणून दाराचं माप घ्यायचं होतं. दलालानं किल्ली आधीच हसतहसत दिली होती. "घ्या काका, आता तुमचंच आहे."

तिसऱ्या मजल्यावर जिन्यात कुणी नव्हतं. खालून कुठल्याशा यंत्राची घरघर येत होती. मास्तरांनी चष्मा चढवला, पेचकसानं कुलपावरची पट्टी सैल केली आणि आत बघितलं. कुलूप जुनं, मजबूत, आतून एकदाही न खोललेलं. त्यांना बरं वाटलं. पट्टीच्या आतल्या बाजूला कारखान्याचा आकडा कोरलेला होता आणि त्याखाली तीन ठिपके. तीन ठिपके म्हणजे कुलपाबरोबर तीन किल्ल्या आलेल्या. मास्तरांचा हात थांबला. आपल्याला एकच मिळाली. बाकीच्या दोन?

हरवल्या असतील, त्यांनी स्वतःला समजावलं. बारा वर्षांत हरवतात. तरी ते ठिपके त्यांनी पुन्हा मोजले.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. सत्तरीच्या बाई, अंगात घरातला गाऊन, हातात ओलं फडकं. त्यांनी सुटी पट्टी बघितली, पेचकस बघितला आणि तावातावानं काहीतरी विचारलं. मास्तरांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी किल्ली वर करून दाखवली. बाईंचा आवाज आणखी चढला. त्यांनी त्या किल्लीकडे बोट दाखवलं, मग जिन्याकडे, मग हातानं नाही नाही केलं. पळून जावं असं वाटलं, आणि पळालो तर खरंच चोर ठरू हेही कळलं. त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, आम्ही इथं बसलोय, आई आता पैसे..."

"थांब. इथं समोरच्या बाई काहीतरी म्हणतायत. ऐक आणि मला सांग."

त्यांनी फोनचा आवाज मोठा करून बाईंसमोर धरला. पलीकडे लेकीनंही आवाज मोठा केलेला, त्यामुळे कचेरीतही सगळ्यांना ऐकू जात असणार. बाई बोलत राहिल्या, अधूनमधून मास्तरांकडे रागानं बघत. मग लेकीचा आवाज आला, अगदी सपाट.

"बाबा, त्या विचारतायत, मालकीणबाईंनी तुम्हाला पाठवलं का."

"मालकीणबाई? मालक तर तो चष्मेवाला..."

"तो भाडेकरू आहे म्हणतात. बारा वर्षांपासून. मालकीणबाई दुसऱ्या गावी बहिणीकडे असतात, घर विकायचं त्यांच्या मनातही नाही म्हणतात."

बारा वर्षं. अंगठा बरोबरच म्हणाला होता. किल्ली खरीच त्याच्या खिशात झिजली होती. पण खिसा भाडेकरूचाही असतो, हे ज्या माणसानं चाळीस वर्षांपूर्वी एका नर्सच्या तोंडून ऐकलं होतं, तोच आज विसरला होता. वीजबिलही त्याच्याच नावाचं असणार, वापरणारा तोच. दाखल्याची प्रत मात्र बनावटच.

फोनमधून दलालाचा आवाज आला. "काका, त्या म्हातारीचं काही मनावर घेऊ नका. डोक्यानं जरा हललेली आहे, सगळ्या इमारतीला माहीत आहे. चार वाजत आलेत, काकूंना म्हणावं, करून टाका."

आवाज गोडच होता. तसाच, चहा पिताना होता तसा. मास्तर क्षणभर डगमगले. बाई खरंच हललेल्या असतील तर? घर हातचं जाईल, लेकीच्या दारात पाहुण्यासारखं राहावं लागेल, आणि ते एका अनोळखी बाईच्या शब्दावर. बाईंचं बोलणं ते खरं धरणार कशावरून?

त्यांनी दुसऱ्या हातातली किल्ली पुढे केली, तिच्याकडे बोट दाखवलं आणि मग रिकामा तळवा बाईंसमोर धरला. दुसरी आहे का? बाईंनी किल्लीकडे बघितलं, तळव्याकडे बघितलं. मग आत गेल्या आणि पत्र्याच्या एका डबीतून किल्ली घेऊन आल्या, जाड दोऱ्यात ओवलेली. मास्तरांनी अंगठा फिरवला. कोरी होती. दात तीक्ष्ण, मुलामा जसाच्या तसा. वर्षातून एकदा वापरलेली असेल नसेल. आणि डोक्यावर तोच आकडा, जो कुलपाच्या पट्टीवर होता. दोन अस्सल किल्ल्या. तिसरी कुठल्याशा गावी, बहिणीच्या घरी, एका बाईच्या पर्समध्ये. आपलं घर जिच्या भरवशावर सोडलं, तिच्या डोक्याबद्दल त्या मालकिणीला शंका नव्हती.

"पैसे भरू नका," मास्तर म्हणाले. "ऐकलंस? आईला सांग, भरू नको."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दलाल मालकाला फोन लावतो असं काहीसं म्हणाला, दार आपटलं. घड्याळात चारला पाच मिनिटं होती. अडीचपासून त्या तिथं बसल्या होत्या. दीड तास. बायकोनं सकाळी विचारलं होतं, आपण हो म्हणालो होतो, आणि आपल्या "हो"वर तिनं आयुष्य काढलं होतं.

"अगं, बोल ना. भरले का?"

फोनवर मास्तरीणबाई आल्या. "नाही भरले."

मास्तरांनी पुन्हा घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "दीड तास काय करत होतीस?"

"चुकीचा आकडा टाकत होते," त्या म्हणाल्या. "आधी चष्मा सापडेना म्हटलं. मग पाणी मागितलं. मग एकदा चुकवला, मग दुसऱ्यांदा. तो आपला काकू, काकू करतोय. आत्ता तुमचा फोन चालू असताना तिसऱ्यांदा चुकवला आणि खातं बंद पडलं. आता सोमवारपर्यंत उघडत नाही. लेकसुद्धा चिडली होती माझ्यावर."

"पण का?"

"तुमचा चहा बिनसाखरेचा होता. सकाळी तुम्ही तो ढवळत बसला होता. तेव्हाच कळलं, शेजारी विचारलेलं नाही."

मास्तर जिन्याच्या पायरीवर बसले. डोळे भरून आले ते त्यांनी पुसले नाहीत. समोरच्या बाईंचा राग गेला होता, त्या फडकं हातात धरून चिंतेनं बघत होत्या.

"नव्हतं विचारलं," मास्तर म्हणाले. "विचारता येत नव्हतं गं मला. भाषा येत नाही म्हणून लाज वाटली."

"मग ते सांगायचं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "लाज वाटली तर सांगायचं. हो कशाला म्हणायचं? दुसरं घर बघू. वकीलबाईंना घेऊन बघू, आठ नाही तर ऐंशी दिवस लागू देत. या आता."

मास्तर म्हणाले, आलोच, पण आधी लेकीला दे. लेकीला ते म्हणाले, हे घर कुणाचं, एवढं वाक्य मला इथल्या भाषेत शिकव. लेक म्हणाली, बाबा, आता कशाला, कळलं ना कुणाचं ते. तरी तिनं सांगितलं. त्यांनी चारदा म्हणून बघितलं, दोनदा तिनं सुधारलं.

मग ते उठले. कुलपावरची पट्टी पेच आवळून जागच्या जागी बसवली. दोन्ही किल्ल्या बाईंच्या हातात ठेवल्या, पेचकस खिशात टाकला आणि बाईंच्याच उघड्या दारावर हलकेच थाप मारली, जशी ते आयुष्यभर मारत आले होते. आणि विचारलं, हे घर कुणाचं?

बाई आधी गोंधळल्या. मग त्यांनी उत्तर दिलं, चांगलं लांबलचक, मालकिणीचं नाव दोनदा घेऊन, हातवारे करून. मास्तरांना त्यातलं नावाखेरीज काही कळलं नाही. पण ते मान खाली घालून, बोलणं संपेपर्यंत उभे राहून, सगळं ऐकत होते.