पत्रकात नसलेला माणूस

नांदेडच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी स्वमग्नतेवरची पत्रकं वाटत होतो. मुखेडहून भावासोबत आलेल्या, चाळिशीच्या एका माणसानं एक घेतलं. गोंगाट सहन होत नाही म्हणून त्यानं कानांवर रुमाल घट्ट बांधला होता. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "ह्यात माझ्यासारखी लेकरंच हायत. माझ्यासारखी माणसं कुठं हायत?"

पत्रक मीच लिहिलं होतं.

तेवढ्यात त्याचा नंबर आला. समुपदेशनाच्या खोलीचं दार उघडंच होतं, आतलं बोलणं व्हरांड्यात ऐकू येत होतं. समुपदेशक बाईंनी सवयीनं भावाला विचारलं, "यांना झोप लागते का?"

भाऊ बोलणार, तोच त्यानं घरून लिहून आणलेला कागद टेबलावर ठेवला. बाईंनी तो मोठ्यानं वाचला : "मला विचारा. उत्तर उशिरा येईल, पण माझं असेल."

भाऊ हसला. "लई येळ लावतो, बाई."

"लावू द्या," म्हणत बाईंनी खुर्ची त्याच्याकडं वळवली आणि तोच प्रश्न त्याला विचारला.

मागची रांग चुळबुळली. तो बोटं मोडत राहिला, घाई मात्र केली नाही. मग स्वच्छ आवाजात म्हणाला, "न्हाई लागत. लई दिवस झाले."

उरलेली पत्रकं मी परत आणली. नव्या पत्रकाची पहिली ओळ त्याच्या कागदावरची आहे.