उशीवरचं तेल

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. लहानपणी गावात अंगात आलेल्या बाईला चिमटा काढून बघणारा मीच, आणि त्यासाठी मार खाणाराही मीच. तरी हे लिहितोय, कारण आता डोकं चालत नाही.

मी मूळचा पाथर्डी तालुक्यातला. नगरला कॉट बेसिसवर राहून एमएस्सी करतो. करतो म्हणजे... प्रोजेक्ट उद्यापासून, अभ्यास उद्यापासून. काम होत नाही म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून काम नाही. डोळे नुसते चुरचुरत असतात.

आईवडील ऊसतोडीला, सोनईजवळ कोपी घालून राहत होते. तिथलं काम संपत आलेलं, टोळी पुढे कर्नाटकात जाणार होती. आई फोनवर रोज म्हणायची, "जायच्या आदी एकदा तोंड दावून जा रं." एसटीने जेमतेम तासाभराचा रस्ता. मी रोज म्हणायचो, उद्या नक्की.

शेवटच्या दिवशी अंघोळ केली, बॅग भरली. अंग फार जड झालं होतं... म्हटलं, जरा पडतो, पुढच्या गाडीने जाऊ. आणि कित्येक दिवसांनी झोप लागली – ती थेट संध्याकाळपर्यंत!

कसंनुसं होऊन फोन लावला. काय थाप मारावी ते जुळवत होतो, तर आईच म्हणाली, "पोचलास का? मी फडातून येस्तोवर निगून बी गेलास?"

"कुठून निघालो?"

"आरं, कोपीतनं! लई वाळलास बग. डोक्याला तेल लावलं तर बोलता बोलता झोपलास. म्या न्हाई उठवलं."

मला वाटलं, टोमणा मारतेय. पण आईला टोमणे जमत नाहीत. मागून वडीलही म्हणाले, "घोरत हुता की चांगला."

रूममेट विशाल दिवसभर समोरच्याच कॉटवर होता. म्हणाला, "तू कुशीवरसुद्धा वळला नाहीस." मग माझ्या उशीकडे बघून हसला, "पण तेल कधीपासून लावायला लागलास?"

उशीवर हा एवढा डाग होता. आमच्या खोलीत तेलाची बाटलीच नाही.

सगळे तर्क लढवून झाले, एकही पटत नाही. झोप पुन्हा उडालीये. उशीची खोळ तशीच आहे, धुवावीशी वाटत नाही.

आई तिकडे कर्नाटकात खुशीत आहे. म्हणते, "आता येवड्या लांब नगं येऊस, अब्यास कर. भेट झाली ना आपली."

तिची झाली हो. माझी कुठे झाली?