ओट्याला तडा जाईल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला तर नाहीच. तुम्ही म्हणाल, एवढं काय — दगडाची तर गोष्ट. हो, दगडाचीच आहे. दोन दगडांची.

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. बेसाल्ट आणि ग्रॅनाइट, दोघेही तापलेल्या रसाचेच. पण बेसाल्ट वर आला, उघड्यावर झटपट निवला, म्हणून त्याचे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला, त्याचे स्फटिक मोठे, चकाकणारे. दोघेही चांगलेच टणक. दर वर्षी मी हे दोन तुकडे मुलांच्या हातात देते, आणि दर वर्षी 'टणक' म्हणताना अडखळते. का, तेच तर सांगायचंय.

माझ्या सासूबाई — मी त्यांना आत्याबाई म्हणायचे — लासूर स्टेशनकडच्या. त्यांचा पाटा-वरवंटा बेसाल्टचा, माहेराहून एस्टीच्या टपावरून आणलेला. पडेगावच्या भाड्याच्या घरात, दुष्काळात, टँकरच्या पाण्यावर दिवस काढले, तेव्हाही वाटीभर पाण्यात त्या तो लख्ख करायच्या. शेंगदाण्याची चटणी खावी तर त्या पाट्यावरची. मी बोटं चाटून खायचे.

मग शहर वाढलं, आणि त्यात आमचाही एक फ्लॅट झाला. ओट्याला गुलाबी ठिपक्यांचा ग्रॅनाइट. त्या चकचकीत स्वयंपाकघरात तो लसणाचा वास मुरलेला दगड मला नको होता. पाण्याची टंचाई होती म्हणून? छे. मैत्रिणी घर बघायला येणार होत्या, एवढंच. मी आत्याबाईंना सांगितलं, ग्रॅनाइट नाजूक असतो, पाट्याच्या दणक्यानं ओट्याला तडा जाईल. खाली बसून वाटते म्हणाल्या, तर म्हटलं, हादरे तिथूनही पोचतात. धादांत खोटं — आणि तेही मास्तरणीच्या आवाजात.

"तू शिकलेली हायेस बाई, तुला दगडातलं लई कळतं," एवढंच त्या म्हणाल्या. पडेगावचं घर सोडताना पाटा-वरवंट्याला हळदकुंकू लावलं आणि तो तिथंच अंगणात ठेवला.

पुढं मुलीचं बारसं आलं. आमच्यात बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात, बाळ दगडासारखं धडधाकट व्हावं म्हणून. बायका विचारू लागल्या, वरवंटा कुठाय? आत्याबाईंनी लाटण्याला कुंची घातली. "गिरनाइट लई नाजूक असतंय, आमच्या सूनबाईनं आधीच सांगून ठिवलंय," म्हणाल्या — केवढ्या कौतुकानं! मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. पडेगाव काय लांब होतं? कुणीही रिक्षानं जाऊन वरवंटा घेऊन आलं असतं. मला त्यांची फार माया आली. आणि तरी मी बाळाचं दुपटं सारखं करत राहिले.

त्यानंतर त्या जन्मभर त्या ओट्याला जपत राहिल्या. कुकर टेकवायचा, तर आधी जुन्या लुगड्याची घडी. वाटीसुद्धा हलक्या हातानं ठेवायच्या. मी रोज बघायचे. रोज वाटायचं, आज सांगून टाकावं. मग एक दिवस त्या गेल्या.

काल मुलीनं गॅसवरून कुकर उतरवला. आधी फडक्याची घडी अंथरली, मग त्यावर कुकर हळूच टेकवला — आजीनं शिकवल्यासारखा. मी दारात उभी होते.